पाय दुखतोय तोवर बरं



रोप लावण निम्म्यावर आलीय. दरवर्षी या दिवसांत मी खोडकिडा, करपा, युरियाचा दुसरा हप्ता असलं काहीबाही लिहितो. ते पुढच्या आठवड्यात. आज पायांवर लिहितोय. आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात कमी बघितलं जाणारं अवजार तेच आहे.

बैल जरा लंगडला की आपण लगेच खूर उचलून बघतो. पत्री झिजली का, खुरात खडा अडकलाय का, खुरकत तर नाही ना. ट्रॅक्टर काढायच्या आधी टायरची हवा बघतो. स्वतःचा तळवा शेवटचा कधी बघितला, जरा आठवून बघा. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलोमीटर चालत गेले, तेव्हा त्यांच्या सोललेल्या पायांचे फोटो सगळीकडं आले. शहरातली माणसं ते बघून हळहळली. पण तसलेच तळवे आपल्या घराघरात आहेत, आणि घरातलं कोणी बघत नाही.

आधी एक साधी गोष्ट. तळव्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात, घामाच्या मात्र भरपूर असतात. बाकीच्या अंगाला आतून थोडं तेल सुटतं, तळव्याला ते मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात तीच कातडी वाळून फुटते आणि पावसाळ्यात तीच भिजून कुजते. ही एक गोष्ट ध्यानात राहिली की पुढचं सगळं सोपं आहे.

पायाच्या त्रासाचे मी माझ्यापुरते दोन भाग केलेत. एक दुखणारा, एक न दुखणारा.

*दुखणारे त्रास*

पहिला नंबर चिखल्यांचा. दिवसभर चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, लिबलिबीत होते, मग चिरते. जास्त करून करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात, कारण तिथं बोटं एकमेकाला चिकटलेली असतात आणि वारा लागत नाही. नुसत्या ओलीनं सुरुवात होते, मग त्यात बुरशी बसते. पिकावर पान ओलं राहिलं की करपा येतो, तसंच हे.

उपाय दोन. एक, कोरडं करणं. घरी आल्यावर साबणानं पाय धुवायचे आणि एकेक बेचकं कापडानं टिपून घ्यायचं. आपण पाय धुतो, पण पुसत नाही, तिथंच घोटाळा होतो. रात्रभर पाय कोरडे आणि उघडे राहिले पाहिजेत. दोन, बुरशीचं मलम. क्लोट्रिमॅझोल साधं आणि स्वस्त आहे. दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावायचं. खाज थांबली की चौथ्या दिवशी मलम बंद करू नका, नाहीतर ती परत उठते. आपण बुरशीनाशकाची दुसरी फवारणी का घेतो, ते आठवा.

दुकानात "खाजेचं मलम द्या" म्हटलं की बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब हातात येते. त्यानं दोन दिवसांत झकास वाटतं, पण आत बुरशी पसरत राहते आणि पुढं कशालाच दाद देत नाही. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलं नाव असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नका.

आमच्याकडं बायका मेंदी लावतात. मेंदीनं कातडी सुकते, म्हणून आराम पडतो. पण चिरलेल्या, पाणी सुटणाऱ्या जागी ती भरू नये. चिखल्यांच्या चिरेतून जंतू आत गेले तर पाऊल सुजतं, लाल होतं, गरम लागतं, ताप भरतो आणि लाली वर चढत जाते. जुनी माणसं याला धावरं म्हणतात. तिथं मेंदी नाही, मलम नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरा त्रास भेगांचा. माघ-फाल्गुनात टाचा फुटतात. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे, घासायच्या दगडानं हलकं घासायचं, टिपून लगेच कोकमाचं तेल नाहीतर पेट्रोलियम जेली लावायची आणि सुती मोजे घालून झोपायचं. तेल कोरड्या टाचेला लावून काय उपयोग नाही. आधी कातडीत पाणी गेलं पाहिजे, मग तेलानं ते कोंडून ठेवायचं. आपण आधी पाणी देऊन मग पाचट झाकतो, तोच हिशोब. आणि तेल टाचेला लावा, बोटांच्या बेचक्यात नको. तिथं ओल राहिली की पुन्हा चिखल्या.

तिसरं कुरूप. एकाच जागी पायताण घासतं, दाबतं, म्हणून कातडी जाड होते. ब्लेडनं कुरूप कापणारे गडी प्रत्येक गावात आहेत. कुरूप कापून जात नाही, दाब काढला की जातं. पायताण बदला. नवं घेताना संध्याकाळी घ्या, दिवसभरानं पाय थोडा फुगलेला असतो आणि खरं माप तेव्हा कळतं. कुरूपाच्या पट्टीत कातडी जाळणारं ॲसिड असतं, शुगरवाल्यांनी ती अजिबात लावू नये.

चौथं, काटा, खिळा, उसाचा बुडखा. खोडव्यात धारदार कोयत्यानं तिरका छाटलेला बुडखा भाल्यासारखा असतो, स्लिपरच्या आरपार जातो. अशी जखम वरून बारीक आणि आत खोल असते, रक्तही फारसं येत नाही. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात आणि त्यांना अशीच हवा न लागणारी जागा लागते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली धुवा. हळद, चुना, तंबाखू, शेण काही भरू नका. धनुर्वाताच्या लशीचे पूर्ण डोस झाले असतील तर दर १० वर्षांनी एक पुरतो. जखम मातीची, खोल असेल आणि शेवटच्या डोसाला ५ वर्षं उलटली असतील तर लगेच एक घ्या. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते कोणालाच आठवत नाही, म्हणून आमच्या घरात ते आता सात-बाराच्या फाईलमध्ये लिहून ठेवलंय.

हे चारही त्रास दुखतात, खाजतात, चालू देत नाहीत. म्हणून माणूस काहीतरी करतोच. खरी भीती दुसऱ्या भागाची आहे.

*न दुखणारे त्रास*

आमचे थोरले चुलते, आबा. बारा-तेरा वर्षं शुगर. गोळ्या घ्यायचे, मधेच सोडायचे. पायाला कधी काही लागत नाही याचा त्यांना मोठा अभिमान. वैशाखात तापलेल्या फुपाट्यातनं अनवाणी चालायचे आणि आम्हाला हसायचे, "तुमचे पाय लोण्याचे." दोन वर्षांपूर्वी रात्रीची लाईट होती, उसाला पाणी पाजायला गेले. पहाटे घरी आले, पायताण काढून चहा प्यायला बसले. काकूला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. पायताणात मोळा घुसला होता, इंचभर. आबा त्याच्यावर रात्रभर चालले होते.

"आरं, कळलंच न्हाई बघ मला," म्हणाले. त्यांना ते गमतीचं वाटलं.

गावातल्या दवाखान्यात पट्टी झाली. दुखत नव्हतं म्हणून आबा तिसऱ्या दिवशी परत शेतात. काकू रोज म्हणायची दाखवून या, हे म्हणायचे दुखतंय कुठं? अकराव्या दिवशी खोलीत वास यायला लागला. कोल्हापूरला नेलं तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली. सर्जन म्हणाले, अजून चार दिवस गेले असते तर घोट्याच्या वरून कापावा लागला असता.

त्यांनी आम्हाला कॉटशेजारी उभं करून सांगितलं ते मी विसरणार नाही. दुखणं म्हणजे राखणीचं कुत्रं आहे. रात्री भुंकतं म्हणून आपण वैतागतो. पण शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात, म्हणजे कुत्रं मेलेलं असतं. मग चोर दाराशी येवो नाहीतर माजघरात, आवाज होत नाही. वर रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, त्यामुळं जखम भरायला रक्तही पुरत नाही. बिडी-तंबाखू असेल तर आणखी कमी.

नंतर मी यावर वाचत गेलो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड म्हणून सर्जन १९४६ साली आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं झडतात असंच तोवर सगळे मानायचे. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस रोगानं सडत नाही. नस बधिर झाल्यानं माणसाला चटका, काटा, घासणं कळत नाही, तो त्याच जखमेवर वापर करत राहतो आणि बोट जातं. बधिर पायासाठी मऊ रबराचा, एमसीआरचा तळ असलेली चप्पल वापरतात ती त्यासाठीच. आबा आता तीच घालतात. कुष्ठरोगानं पाय बधिर झालेल्यांना ती सरकारी कार्यक्रमातून मिळते, आरोग्य केंद्रात विचारा. आणि अंगावर कुठंही फिकट, न खाजणारा, चिमटा न कळणारा चट्टा असेल तर लाजू नका, दाखवा. औषध फुकट आहे आणि रोग पूर्ण बरा होतो.

आबांच्या पायानंतर आमच्या भावकीतल्या सगळ्या शुगरवाल्यांची मी घरीच एक चाचणी केली. तुम्हीही आज करू शकता. माणसाला झोपवायचं, डोळे मिटायला सांगायचं. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी सहा बोटं. प्रत्येकाच्या टोकाला आपल्या बोटानं हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. कळलं की त्यानं डावा-उजवा सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर त्या पायाला राखण उरली नाही असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. आमच्या घरात एक असा निघाला, वय अवघं ४४. त्याला आजवर काही "त्रास" नव्हता.

ज्यांचा पाय असा आहे त्यांनी घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. पायताण घालायच्या आधी उलटं करून झटकायचं, आत हात फिरवायचा. खडा, खिळा, विंचू, काहीही असेल. शेकोटीला किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर पाय ठेवायचे नाहीत, भाजलेलं कळत नाही. पाय गरम पाण्यात भिजवत बसायचे नाहीत. धुवायचं पाणी कोपरानं बघायचं किंवा घरच्यांना बघायला लावायचं. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. आणि जखम दुखत नाही म्हणून किरकोळ धरायची नाही. शुगरवाल्याची न दुखणारी जखम जास्त घाईची असते.

न दुखणारा आणखी एक रोग खास आपला आहे. अनवाणी शेतात काटा मोडतो, विसरून जातो. महिन्यांनी, कधी वर्षांनी तिथं एक टणक गाठ येते. दुखत नाही. हळूहळू पाऊल सुजतं, बारीक भोकं पडतात, त्यातून पाण्यासोबत काळे, पांढरे किंवा लाल रवे बाहेर पडतात. याला मायसेटोमा म्हणतात. मदुराईकडं आधी नोंदला गेला म्हणून मदुरा फूट असंही म्हणतात. मायसेटोमा हे नाव १८६० मध्ये मुंबईतल्या डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी दिलं. हेच कार्टर पुढं साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये हा रोग दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला. तो मातीतून येतो आणि जास्त करून राबणाऱ्या अनवाणी माणसालाच होतो. गाठ लहान असताना दाखवली तर थोडक्यात निभावतं. उशीर केला तर हाडापर्यंत जातं.

*चिखलात बूट चालत नाही, मग काय?*

"गमबूट घाला" हे सांगणं सोपं आहे. गुडघाभर चिखलणीत गमबूट रुततो, पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. हे ज्यानं रोप लावलंय त्यालाच माहीत. म्हणून मी सरसकट सांगत नाही. पण गवत कापताना, उसात पाणी पाजताना, तणनाशक मारताना, बांधावरनं रात्री जाताना गमबूट चालतो, तिथं तो हवाच. साप जास्त करून पायालाच चावतो. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशानं गेली असा अभ्यास आहे, बहुतेक खेड्यातली, आणि निम्म्याच्या आसपास जून ते सप्टेंबरमध्ये. गमबूट आणि बॅटरी एवढ्या दोन गोष्टींनी त्यातले कितीतरी वाचले असते. फवारताना पँट बुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली तर औषध ओघळून बुटातच साठतं.

चिखलातच उतरायचं असेल तर सकाळी उतरण्याआधी बोटांच्या बेचक्यात आणि घोट्यापर्यंत पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेलाचा जाड हात द्यायचा. चिखलातून बाहेर आल्यावर धुऊन पुसायचं. वर सांगितलं, बेचक्यात तेल नको, ते कोरड्या दिवसांचं. पाण्यात उभं राहायचं तेव्हा ते पाणी अडवतं. मात्र पायाला उघडी चीर असेल तर त्या दिवशी चिखल टाळा. उंदराच्या आणि जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू साठलेल्या पाण्यात येतात आणि चिरलेल्या कातडीतून आत जातात. कोकणात, सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत याची भीती सगळ्यांना माहीत आहे. चिखलात राबल्यावर ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर "भिजल्यानं आलाय ताप" म्हणून अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना शेतातल्या कामाचं आवर्जून सांगा. जिथं साथ असते तिथं आरोग्य खातं आठवड्यातून एकदा घ्यायच्या डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या देतं. त्या आशाताईंना विचारून घ्या, मनानं नको.

आता बायकांचं. लावणीत वाकून आठ-आठ तास चिखलात कोण असतं? पुरुष चिखलणी करून, तरव्याच्या पेंड्या टाकून बांधावर येतो. रोप लावतात बायका. आणि गमबूट घरात एकच असतो, आठ नंबरचा, त्याचा. मी तालुक्यातल्या तीन दुकानांत चार-पाच नंबरचा गमबूट मागितला. एकाकडंही नव्हता. "बायका घेत नाहीत," म्हणाले. मिळत नाहीत म्हणून घेत नाहीत की घेत नाहीत म्हणून ठेवत नाहीत, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी आम्ही पाच घरांनी मिळून बारा जोड्या मागवून घेतल्या. भांगलणीला, वैरणीला आता त्याच घालून जातात.

लावणीला यंदा आणखी एक केलं. बांधावर स्वच्छ पाण्याचं एक पिंप, साबण आणि जुन्या सुती लुगड्यांच्या धडप्यांची चळत. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी पाय धुवायचे, पुसायचे आणि अर्धा तास कोरड्या पोत्यावर उघडे ठेवून बसायचं. पहिल्या दिवशी बायका हसल्या. एक म्हणाली, "आमचं पाय काय नवरीचं हाईत व्हय?" चौथ्या दिवशी तीच पिंप भरलंय का ते विचारत होती. चिखल्यांनी दोन-तीन बायका घरी बसल्या की लावण दोन दिवस लांबते, हे दरवर्षीचं. यंदा अजून एकही घरी बसली नाही. खर्च म्हणाल तर साबणाच्या दोन वड्या.

*रोजची पाच मिनिटं*

रात्री जेवणाआधी, उजेडात बसून:

१. पाय धुवा, बेचक्यांसकट टिपा.
२. तळवा, टाच, बेचकी, नखं बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा नातवाला बघायला सांगा.
३. नवी चीर, फोड, काळा डाग, सूज, गाठ आहे का? एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा गार लागतो का?
४. टाचेला तेल, बेचकी कोरडी.
५. उद्याचं पायताण उलटं करून बघा, खिळा वर आलाय का.
६. शुगर असेल तर वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढं मोजे-पायताण काढून पाय दाखवा. ते रक्ताचा कागद बघून सोडत असतील तर तुम्हीच पाय पुढं करा.

कृषी सहायक आणि विस्तारातली मंडळी हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. शेतीशाळेत कीड ओळखायला आपण पान उलटं करून दाखवता. एखाद्या वर्गात दहा मिनिटं पायही उलटे करून बघायला लावा आणि गावच्या आशाताईंना त्या दिवशी बोलवा. सहा बोटांची चाचणी तिथंच होईल.

आबा आता बरे आहेत, आठ बोटांवर शेतात येतात. काकू रोज रात्री त्यांचा पाय मांडीवर घेऊन बघते. ते कुरकुरतात, पण पाय देतात. पुढच्या आठवड्यात युरियाच्या दुसऱ्या हप्त्याबद्दल लिहितो.